टॉप मॉडेलचे वरचे दोन लाख

गाडी ठरते, रंग ठरतो, चॉइस नंबर कोणता घ्यायचा यावर घरात दोन तट पडून त्यांचा समेटही होतो. अडतं ते शेवटच्या प्रश्नावर. त्याच गाडीची ‘टर्बो’, ‘जीटी’, ‘एन लाइन’, ‘रेसर’ किंवा ‘फोर बाय फोर’ आवृत्ती शेजारी उभी असते आणि तिच्यासाठी दीड-दोन लाख, कधी तीन लाख वर मागितले जातात. सोयाबीनचे पैसे हातात असतात, भाचा कानाशी लागून ‘मामा, घ्यायचीच तर टॉप घ्या, पुन्हा पुन्हा थोडीच घेणार आहात’ म्हणत असतो, आणि सेल्समन हे ऐकून गालात हसत असतो. नांदेड आणि लातूरमध्ये गाडी घेणाऱ्यांसाठी या वरच्या पैशांचा हिशेब मांडावा म्हणून हा लेख.

खरी स्पोर्ट्‌स कार म्हणावी अशी गाडी आपल्या रस्त्यांवर क्वचित दिसते. पोर्शसारख्या कंपनीच्या यादीत ‘स्पोर्ट क्रोनो’ पॅकेज, सिरॅमिक ब्रेक, वेगळं सस्पेन्शन अशा एकेका वस्तूची किंमत वेगळी छापलेली असते. नको ते सोडून हवं ते घेता येतं. आपल्या बजेटच्या गाड्यांत ती मुभा नसते. कंपनी सगळं एका व्हेरियंटमध्ये बांधून देते. दमदार इंजिन हवं असेल तर सनरूफही घ्यावं लागतं, चारी चाकांना डिस्क हवी असेल तर लाल शिलाईच्या सीटही गळ्यात येतात. म्हणून पहिलं काम म्हणजे ही गाठ सोडवून बघणं: खालच्या आणि वरच्या व्हेरियंटचे छापील तपशील शेजारी ठेवायचे आणि प्रत्येक फरकासमोर लिहायचं की ही गोष्ट नंतर बाहेरून बसवता येते की नाही. सीट कव्हर, स्पॉयलर, स्पीकर, कॅमेरा, मोठी स्क्रीन हे सगळं नंतर होतं, आणि बहुतेक वेळा स्वस्तात होतं. इंजिन, गिअरबॉक्स, मागचे डिस्क ब्रेक, जास्तीच्या एअरबॅग, घसरताना गाडी सावरणारी ईएससी यंत्रणा हे नंतर होत नाही. माझ्या मते वरचे पैसे फक्त या दुसऱ्या रकान्यासाठी द्यावेत, आणि तेही त्यातली गोष्ट आपल्या रोजच्या रस्त्याला लागत असेल तरच.

नावांना भुलू नये. मर्सिडीजची ‘एएमजी’ आणि ‘एएमजी लाइन’ यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली स्वतंत्र ताकदीची गाडी, दुसरी मुख्यतः बंपर, चाकं आणि आतल्या सजावटीची. बीएमडब्ल्यूची ‘एम’ आणि ‘एम स्पोर्ट’ यांचंही तेच. आपल्या आवाक्यातल्या गाड्यांत चित्र जरा मिसळलेलं असतं. ह्युंदाईने २०२१ मध्ये भारतात आय-ट्वेंटी एन लाइन आणली तेव्हा तिच्यात लाल पट्ट्यांबरोबर कडक केलेलं सस्पेन्शन आणि चारही चाकांना डिस्क होती, म्हणजे पैसे सगळेच रंगरंगोटीवर गेले नव्हते. मार्च २०२४ मध्ये आलेल्या क्रेटा एन लाइनचं १६० पीएसचं दीड लिटर टर्बो इंजिन मात्र साध्या क्रेटाच्या सर्वांत वरच्या आवृत्तीतही मिळत होतं. फरक असा की साध्या क्रेटात ते फक्त ऑटोमॅटिकबरोबर होतं आणि एन लाइनमध्ये सहा गिअरची मॅन्युअल घेता येत होती. ज्याला स्वतः गिअर टाकायला आवडतं त्याच्यासाठी हे कारण खरं आहे. बाकीच्यांनी आधी दोन्ही चालवून पाहाव्यात.

उलटही घडतं. फोक्सवॅगन व्हर्टस जीटी २०२२ मध्ये आली तेव्हा तिच्यात १५० पीएसचं दीड लिटर इंजिन होतं, धाकट्या एक लिटर इंजिनच्या ११५ पीएसपेक्षा चांगलंच दणकट. पुढच्या कॅलिपरना झोकदार लाल रंगही होता. पण मागच्या चाकांना ड्रम ब्रेकच. ब्रेक दाबताना वजन पुढे झुकतं, जास्तीचं काम पुढच्या डिस्कच करतात, म्हणून यात लगेच धोका आहे असं नाही. पण पाटीवरची दोन अक्षरं बघून ‘ब्रेकही वरचेच असणार’ असं गृहीत धरू नये, एवढं यातून घ्यावं.

आता इंजिनाकडे. टर्बोसाठी वरचे पैसे द्यावेत का, याचं उत्तर शून्य ते शंभरच्या सेकंदांत शोधणारे चुकीच्या जागी शोधतात. आपण उभ्या गाडीवरून शंभर गाठतो कधी? टोलनाक्यावरून निघताना, तेही मागे कोणी हॉर्न वाजवत असेल तर. आपल्याकडे इंजिनाची परीक्षा होते ती साखर कारखान्यांच्या हंगामात. दिवाळीच्या सुमारास गाळप सुरू झालं की विलासनगरच्या मांजरा कारखान्यापासून ते आडवाटेच्या गुऱ्हाळांपर्यंत उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर ताशी ३० किलोमीटरने चाललाय, मागे दिवा नाही, ऊस दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेला, आणि रस्ता दुपदरी.

ओव्हरटेकचा हिशेब करून बघा. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची लांबी आणि मागचं-पुढचं सुरक्षित अंतर धरलं तर तुम्हाला त्याच्यापेक्षा साधारण ५० मीटर जास्त कापायचे आहेत. ओव्हरटेक करताना तुमचा सरासरी वेग ६० असेल तर याला सहा सेकंद लागतात. तेवढ्यात तुम्ही १०० मीटर जाता आणि समोरून ८० च्या वेगाने येणारी जीप १३३ मीटर. म्हणजे समोर किमान २३३ मीटर रस्ता मोकळा हवा. इंजिनाने लवकर जोर धरला आणि सरासरी ७० पडली, तर वेळ साडेचार सेकंदांवर येतो आणि लागणारा मोकळा रस्ता १८८ मीटरच्या आसपास. हे ४५ मीटर टर्बोचं खरं बक्षीस. कागदावरच्या अश्वशक्तीपेक्षा कमी फेऱ्यांवरचा टॉर्क इथे कामाला येतो. मारुती फ्रॉन्क्सचं उदाहरण घ्या: १.२ लिटर साध्या इंजिनाचा टॉर्क ११३ एनएम, तर एक लिटर टर्बोचा जवळपास १४८ एनएम, आणि तोही २००० फेऱ्यांपासूनच. पीएसमधला फरक फक्त दहाच्या आसपास आहे. चालवताना जाणवतो तो टॉर्कचा.

त्यामुळे जो माणूस आठवड्यातून तीन-चार वेळा उदगीर, देगलूर, कंधार, अंबाजोगाई अशा वाटा धरतो, चार माणसं आणि सामान घेऊन जातो, त्याने टर्बो किंवा चांगलं डिझेल घ्यावं. पैसे वाया जात नाहीत. ज्याची गाडी लातुरात घर ते दुकान किंवा नांदेडात घर ते कोचिंग क्लास एवढीच फिरते, त्याने ते पैसे ठेवून द्यावेत. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथे टर्बो जागी व्हायच्या आतच समोर हातगाडी येते. शिवाय अशा सरपटत्या गर्दीत, उन्हाळ्यात, कोरड्या क्लचच्या ड्युअल क्लच ऑटोमॅटिकला त्रास होतो. क्लच तापतो, गाडी अडखळते. शहरात ऑटोमॅटिकच हवी असेल तर टॉर्क कन्व्हर्टरची किंवा सीव्हीटी जास्त सोशिक, मग तिची जाहिरात कमी चमकदार असली तरी चालेल.

लातूर ते नांदेड हा तुळजापूर-नागपूर राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ३६१ चा भाग. अहमदपूर, लोहा मार्गे हा रस्ता चौपदरी झाल्यापासून लोकांना वाटतं, आता मोठं इंजिन वसूल होणार. अंतर १४० किलोमीटर धरा. सरासरी ८० ने एक तास पंचेचाळीस मिनिटं, सरासरी १०० ने एक तास चोवीस. एकवीस मिनिटं वाचली. पण गावाजवळचे कट, उलट दिशेने येणारे दुचाकीस्वार आणि मधोमध बसलेली जनावरं बघता १०० ची सरासरी पडायची तर मधूनमधून १३० मारावे लागतात, आणि ती एकवीस मिनिटं तुम्ही लोह्याच्या चहावर घालवणारच असता. समृद्धी महामार्गावर वेगाची मर्यादा १२० आहे; ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरचा सगळा रस्ता खुला झाला, आणि नांदेडकरांना तो जालन्याला गाठता येतो. तिथेही १२० च्या वर परवानगी नाही, आणि १२० तर ९० पीएसची गाडीही आरामात गाठते. खरी १५० पीएसची ताकद पूर्ण वापरायची जागा म्हणजे चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, कोइंबतूरचा करी किंवा ग्रेटर नोएडाचा बुद्ध. सिरॅमिक ब्रेकचा जन्मही अशाच जागांसाठी, जिथे लागोपाठ फेऱ्यांत लोखंडी डिस्क तापून ब्रेकचा जोर उतरतो. आपल्या वापरात तशी वेळच येत नाही.

थांबण्याचं गणित मात्र प्रत्येकाने करावं. वेग दीडपट झाला की थांबायला लागणारं अंतर सव्वादोनपट होतं. चांगले टायर आणि कोरडा रस्ता असेल तर ८० वरून गाडी ब्रेक लागल्यानंतर साधारण ३० मीटरवर थांबते. १२० वरून जवळपास ७० मीटर. यात पाय ब्रेकवर पोचायला लागणारा वेळ धरलेला नाही. म्हणून एकाच गाडीच्या दोन आवृत्त्यांत एकीत जास्त ताकद आणि दुसरीत जास्त एअरबॅग, ईएससी, चांगले हेडलाइट असतील, तर दुसरी घ्यायची. हेडलाइटला आपण फार कमी किंमत देतो. दिवाळीनंतरच्या धुक्यात, रात्री अकरा वाजता, लाइट नसलेली ट्रॉली शंभर मीटरवर दिसणं आणि पन्नासवर दिसणं यात सगळं आलं.

चाकांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ‘स्पोर्ट’ आवृत्तीतला सगळ्यांत दिसणारा आणि सगळ्यांत महाग पडणारा भाग तोच. टायरवर २१५/६० आर १७ असं लिहिलेलं असतं. २१५ ही रुंदी मिलिमीटरमध्ये, ६० म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६० टक्के, आणि १७ म्हणजे रिमचा इंचांतला व्यास. साध्या क्रेटाच्या वरच्या आवृत्तीत हा आकडा, तर एन लाइनमध्ये २१५/५५ आर १८. गणित करा: पहिल्याची भिंत १२९ मिलिमीटर, दुसऱ्याची ११८. चाकाचा एकूण व्यास जवळजवळ तेवढाच. रिम मोठा झाला आणि रबर अकरा मिलिमीटरने बारीक झालं. वळणावर हे टायर कमी लवतात, गाडी चपळ वाटते. खड्ड्यात मात्र हेच अकरा मिलिमीटर रिम आणि खड्ड्याच्या कडेच्या मधली गादी होते.

आपला भाग काळ्या मातीचा. ही माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि तिच्यावरचा डांबरी रस्ता तिच्याबरोबर वरखाली होतो. नवा रस्ता दोन पावसाळ्यांत लाटांसारखा होतो, कडा खचतात, साइडपट्टी हातभर खाली जाते. समोरून ट्रक आला की चाक त्या कडेवरून उतरवावं लागतं. बारीक भिंतीच्या टायरला तिथेच बाजूने फुगा येतो किंवा चीर पडते, आणि बाजूची चीर पंक्चरसारखी शिवता येत नाही. टायर बदलावाच लागतो. गाडी घेण्याआधी दोन दुकानांत फोन करून विचारा: हा आकार तुमच्याकडे आज आहे का, किती दिवसांत येईल, एकाची किंमत किती? नांदेडात दुकान मोठं असलं तरी १८ इंची आकार बरेचदा हैदराबाद किंवा पुण्याहून मागवावा लागतो. स्टेपनीही बघा. पुष्कळ गाड्यांत चारही चाकं चकचकीत अलॉय आणि स्टेपनी लोखंडी, एक-दोन इंच लहान असते. ती लावून ८० च्या वर जाऊ नये असं तिच्यावरच छापलेलं असतं. देगलूरजवळ रात्री टायर फाटला तर घरापर्यंत त्याच स्टेपनीवर यायचं आहे.

स्पीडब्रेकर हा आपला आणखी एक खास विषय. रस्त्यांच्या नियमावलीत गोलसर ब्रेकरची उंची दहा सेंटिमीटर आणि रुंदी ३.७ मीटर सांगितली आहे. गावकरी मुरुमाचा ढीग टाकून जो करतात त्याला कुठलीही नियमावली लागू नाही. गाडीचा ग्राउंड क्लिअरन्स बहुतेक वेळा रिकाम्या गाडीचा छापलेला असतो. पाच माणसं आणि डिकीत तांदळाचं पोतं टाकल्यावर त्यातला बराचसा जातो. खाली केलेलं किंवा कडक केलेलं सस्पेन्शन घेणार असाल तर टेस्ट ड्राइव्हला पाचही जण बसवा आणि आपल्या गावच्या त्या ब्रेकरवरूनच न्या. शोरूमसमोरच्या गुळगुळीत रस्त्यावरची टेस्ट ड्राइव्ह काहीच सांगत नाही. जमलं तर मे महिन्यात, भर दुपारी, एसी पूर्ण लावून घ्या. बाहेर पारा ४२ असतो तेव्हा हवा विरळ होते, टर्बो तिला दाबून आणखी तापवतो, आणि इंजिनात ठोके पडू नयेत म्हणून संगणक ताकद आवरतो. जानेवारीत चालवलेली टर्बो आणि मेमधली टर्बो एकसारखी ओढत नाही. सपाट, मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये ४० वरून ८० जायला किती सेकंद लागतात, हे शेजारच्याला मोबाइलवर मोजायला सांगा. साध्या आणि टर्बो दोन्हींत मोजा. मग ठरवा ते सेकंद किती लाखांचे.

पेट्रोलबद्दल एक गोष्ट. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा जवळजवळ एक तृतीयांश कमी, म्हणून अ‍ॅव्हरेज थोडं उतरतं. नवी गाडी त्यासाठी बनलेली असते. एप्रिल २०२३ पूर्वीची जुनी टर्बो घेत असाल तर पुस्तिकेत किंवा इंधनाच्या झाकणावर काय लिहिलंय ते आधी वाचा.

आता ‘फोर बाय फोर’. नांदेड-लातुरात थारची हौस मोठी, आणि इथे वरच्या पैशांचं गणित सगळ्यांत विचित्र. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाड्यांचा जीएसटी बदलला. चार मीटरच्या आतली गाडी आणि पेट्रोल १२०० किंवा डिझेल १५०० सीसीपर्यंतचं इंजिन असेल तर १८ टक्के. यापेक्षा मोठी असेल तर ४० टक्के. तीन दरवाजांची थार चार मीटरला थोडी कमीच आहे. तिची दीड लिटर डिझेलची टू व्हील ड्राइव्ह १८ टक्क्यांत बसते, २.२ लिटर डिझेलची फोर बाय फोर ४० टक्क्यांत. म्हणजे वर मोजलेल्या रकमेतला मोठा वाटा लो रेशोच्या गिअरपेटीला जात नाही, सरकारी तिजोरीत जातो. शेत आडवाटेला असेल, पावसाळ्यात रोज जायचं असेल तर तरीही घ्यावी. पण काळ्या मातीचा चिखल टायरच्या खाचांत भरून बसतो, टायर साबणासारखा गुळगुळीत होतो, आणि चारही चाकांना ताकद मिळाली तरी चारही घसरतात. त्या चिखलात टायरची खाच फोर बाय फोरपेक्षा जास्त बोलते. ट्रॅक्टर असलेल्या घरात तर फोर बाय फोर बऱ्याचदा लग्नाच्या वरातीपुरतीच उरते. घेतलीच, तर एक लक्षात ठेवा: थारमध्ये कोरड्या डांबरावर फोर बाय फोर लावून वळणं घेऊ नयेत, पुढच्या-मागच्या चाकांचा वेग जुळत नाही आणि ताण गिअरपेटीवर येतो.

करांचा दुसरा पेच आरटीओत. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला एकरकमी कर सध्या दहा लाखांपर्यंत ११ टक्के, दहा ते वीस लाखांत १२ आणि त्यावर १३ टक्के. डिझेलला प्रत्येक पायरीवर दोन टक्के जास्त. पायरी ओलांडली की वरच्या रकमेवर नव्हे, सगळ्या किमतीवर नवा दर लागतो. टाटा अल्ट्रोज रेसर जून २०२४ मध्ये आली तेव्हा तिची सुरुवातीची आवृत्ती एक्स-शोरूम ९.४९ लाखांना आणि पुढची १०.४९ लाखांना होती. पहिलीचा कर सुमारे १,०४,४०० रुपये, दुसरीचा १,२५,९००. एक लाखाने महाग व्हेरियंट घेण्यासाठी साडेएकवीस हजार नुसता कर वाढला. विशेष म्हणजे १२० पीएसचं इंजिन दोन्हींत तेच होतं. अशा वेळी खालची घेणं सरळ शहाणपणाचं. किमती जीएसटी बदलानंतर हलल्या आहेत, म्हणून तुमच्या गाडीच्या दोन आवृत्त्या दहा किंवा वीस लाखांच्या रेषेच्या दोन बाजूंना पडतात का, ते आधी बघा.

कर्ज काढणाऱ्याने तर वरचे दोन लाख दोन लाख समजूच नयेत. १२ टक्के कर धरून ते २ लाख २४ हजार झाले, आणि ९ टक्क्यांनी पाच वर्षांचं कर्ज घेतलं तर हप्त्याला ४,६५० रुपये वाढून एकूण फेड २ लाख ७९ हजारांच्या घरात जाते. विम्याचा वाढीव हप्ता वेगळा. विकताना यातलं किती परत येतं? आपल्या भागात जुन्या गाडीचा गिऱ्हाईक आधी अ‍ॅव्हरेज विचारतो, मग पांढरा रंग, मग डिझेल. ‘जीटी आहे’ म्हटल्यावर ‘मग पेट्रोल जास्त पीत असेल’ असं ऐकायला मिळतं. डिझेल किंवा ऑटोमॅटिकसाठी दिलेल्या पैशांचा काही भाग सुटतो, लाल शिलाईचा सुटत नाही.

‘साधी घेऊ आणि बाहेरून करून घेऊ’ ही वाट रंगरूपापुरती ठीक आहे. इंजिनाच्या संगणकात बदल करून ताकद वाढवणारे, सायलेन्सर बदलून आवाज करून देणारे सगळीकडे भेटतात. वॉरंटी जाते हे तर झालंच. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाला सोडून गाडीत बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच बजावलं. कलम १८२-अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि अपघातानंतर सर्व्हेअरला न कळवलेला बदल दिसला की क्लेम तिथेच अडकतो. शोरूमकडून जे काही बसवून घ्याल ते गाडीच्या बिलात आणि पॉलिसीत लिहून आलंय का, ते तिथेच उभं राहून वाचा.

हौस मोठी आणि पैसा बेताचा असेल, तर जुन्या गाड्यांच्या बाजारात पोलो जीटी टीएसआय, २०१७ ते २०२० ची बलेनो आरएस, कधीमधी २०१५ नंतरची अबार्थ पुंटोसुद्धा सापडते. पुण्या-हैदराबादच्या जर्मन गाड्याही पाच-सात वर्षांनी आपल्याकडे निम्म्याहून कमी भावात येतात. बलेनोचे बहुतेक भाग सहज मिळतात, पण आरएसचं टर्बो इंजिन वेगळं होतं, तेवढं विचारून घ्या. अबार्थच्या बाबतीत फियाटची भारतातली विक्री बंद होऊन वर्षं झाली, हे विसरू नका. जर्मन गाडी घेताना तिची किंमत अर्धी झाली असली तरी ब्रेक पॅड आणि सस्पेन्शनची किंमत अर्धी झालेली नसते. २०१० मध्ये औरंगाबादच्या खरेदीदारांनी एकत्र येऊन जवळपास दीडशे मर्सिडीज एकदम घेतल्या, त्याची देशभर चर्चा झाली. संख्या असली की सौदाही जमतो आणि वर्कशॉपही मागे येतं. एकट्याने लातुरात घेतलेल्या गाडीला प्रत्येक मोठ्या कामासाठी संभाजीनगर, पुणे किंवा हैदराबाद गाठावं लागतं, कधी टो करून. तेलंगणातून आणलेल्या गाडीला एनओसी आणि महाराष्ट्राचा कर वेगळा भरून एमएच २६ किंवा एमएच २४ पासिंग करावं लागेल, ती रक्कम सौद्यातच धरा. टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते: २३२१ म्हणजे २०२१ सालचा तेविसावा आठवडा. त्याच खुणांत वेगाची मर्यादा सांगणारं अक्षरही असतं, ‘एच’ म्हणजे २१०, ‘टी’ म्हणजे १९०. ताकदीच्या गाडीवर मागच्या मालकाने हलक्या अक्षराचे टायर चढवले असतील, तर बाकी कुठे हात आखडता घेतला असेल याचाही अंदाज येतो.

शोरूममध्ये दोन्ही आवृत्त्यांची ऑन-रोड कोटेशन एकाच दिवशी, एकाच कागदावर मागा. एक्स-शोरूम, आरटीओ, विमा, अ‍ॅक्सेसरीज असं प्रत्येक वेगळं लिहून. विमा शोरूमकडूनच घ्यायची सक्ती नसते, म्हणून बाहेरचा भावही त्याच दिवशी काढा. ‘स्पोर्ट’ आवृत्तीवर सूट जास्त मिळत असेल तर विचारा की गाडी कोणत्या महिन्यात बनली, आणि चासी नंबरवरून खात्री करून घ्या. न खपलेली टॉप मॉडेल मागच्या यार्डात उन्हात उभी असतात. टोकन देण्याआधी गाडीची बॅटरी, टायरच्या तारखा आणि स्टेपनी स्वतः बघा, आणि भाच्याला ड्रायव्हरच्या नव्हे, मागच्या सीटवर बसवून एक चक्कर मारा. घरातली बाकीची माणसं पुढची दहा वर्षं तिथेच बसणार आहेत.